रस्त्यापलीकडची निळी बाई

१२ जून

वहिनी,

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. दोन ओळींत माणसाला काय कळायचं? फोन बंद ठेवायचं आपण दोघींनीच ठरवलं, कारण फोन झाला की इकडे तुझी लेक ताटावरून उठते आणि तिकडे तू मुसमुसत बसतेस. मग निदान कागदावर तरी हात सैल सोड. कागद काही तुला बंदरावरच्या पेट्यांसारखा क्रेननं उचलायचा नाहीये.

इकडे शाळा उघडायची वेळ आली आणि वर्षभर झोपलेले आईबाप एकदम जागे झालेत. सगळ्यांना गणवेश उद्याच हवेत. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मशीनवर कॉलरींचा ढीग, पलंगावर बाह्या. टाचणी नसती तर माझं काही खरं नव्हतं. हो, आता सगळी गल्ली तुझ्या लेकीला टाचणीच म्हणते. अंगानं तशीच आहे, आणि सारखी माझ्या कुठल्या ना कुठल्या कापडाला लागलेली असते. चाळिशी उलटल्यापासून मला सुईचं नेढं दिसत नाही. ती सुई नाकाशी धरते आणि एका दमात दोरा ओवते. काळ्या कापडावरची काळी टीप उसवायची तर तिनंच. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालतात. परवा एक बाई म्हणाली, पोरीचे डोळे घारीचे आहेत. मी लगेच विषय बदलला, उगाच नजर लागायची.

डोळ्यांची मी फार काळजी घेते, तू निश्चिंत राहा. माझ्या भावाची पुस्तकं ट्रंकेत घालून माळ्यावर टाकली आहेत. वाचून वाचूनच त्याला तो जाड भिंगांचा चष्मा लागला होता, अगदी शाळेत असल्यापासून. तो गेला बिचारा, पण त्याच्या लेकीवर ती पाळी मी येऊ द्यायची नाही. फार पुस्तक-पुस्तक करायला लागली की मी तिच्यापुढे मण्यांचा डबा ठेवते. ओवत बसते तासन्‌तास. हाताला वळणही लागतं.

तू आलीस तेव्हा चार दिवस ती तुझ्याजवळ फारशी फिरकली नाही. मनाला लावून घेऊ नकोस. नऊ वर्षांचं पोर ते, त्याला काय कळतं.

तुझी ताई


२६ जून

ताई, नमस्कार.

मनाला लावून घेऊ नकोस म्हणालात, पण लावून घेतलंय. तुम्ही हात सैल सोड म्हणालात म्हणून सगळं लिहिते, मग वाचून हसू नका.

मी आले त्या दिवशीचं तुम्हाला सांगितलं नव्हतं. बसमधून उतरले तेव्हा तुम्ही रस्त्यापलीकडे औषधांच्या दुकानात पाठमोऱ्या होतात आणि ती पायरीवर उभी होती. मध्ये फक्त रस्ता. मी हात वर केला. ती थेट माझ्याकडे बघत होती. माझी नजर कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. चार मजले उंच केबिनमध्ये बसून मला खाली इशारे देणाऱ्या माणसाची बोटं दिसतात, त्याशिवाय बंदरावर क्रेन हातात देतच नाहीत. तिच्या फ्रॉकचं वरचं बटण निघालेलं मला तिथून दिसलं, शिंपिणीच्या घरात राहून. मग तिचं तोंड दिसणार नाही? तिनं माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि मान फिरवून तुमचा हात धरला. कपाळावर आठ्या होत्या. हाक मारायला उघडलेलं तोंड मी मिटलं आणि तुमच्या मागाहून घरी आले.

त्यानंतर मी तिला जवळ ओढलं नाही. म्हटलं, जबरदस्ती नको, आपणहून आली तर येईल. ती आली नाही. तुमच्याच कुशीत झोपली, तुमच्याच हातचं जेवली.

ताई, इथे केबिनमध्ये दिवसभर मी एकटी असते. बोलायला कुणी नाही. बसमधून उतरेन आणि ती धावत येईल, एवढं एकच मी वर्षभर मनात घोकत होते. पेट्या उचलताना तेच, ठेवताना तेच. आता ते आठवायलाही नको वाटतं आणि दुसरं काही सुचतही नाही.

एक सांगायचंय. इथे कामगारांच्या इमारतीत खोल्या वाटणार आहेत. कुटुंब आणणार असेल त्याला स्वयंपाकघरासकट खोली, एकट्या माणसाला वसतिगृहात खाट. तिला आणायचं म्हणून मी खोलीसाठी नाव घातलं होतं. सप्टेंबरअखेर पक्कं सांगायचंय. आता वाटतं, तिला तुमच्यापासून उपटून इथे आणू कुणासाठी? माझ्यासाठी? तिची आई तुम्हीच झालात. रागानं लिहीत नाही, खरंच वाटतं तसं.

तुमची वहिनी


८ जुलै

वहिनी,

तुझं पत्र वाचून मशीन थांबवलं आणि गिऱ्हाईक समोर असताना तशीच बसून राहिले. किती मनाला लावून घेतेस गं. अगं, पोरांचा जीव हातावरच्या भातासारखा, जो भरवेल त्याचा. तू वाईट नाहीस आणि तीही वाईट नाही. वर्षभर लांब राहिलं की एवढं व्हायचंच.

खोटं कशाला लिहू, तुझ्या पत्राचा शेवट मला गोड लागला. मला मूल नाही हे तुला नव्यानं सांगायला नको. ही पोर घरात आली आणि मला संध्याकाळी दिवा लावावासा वाटायला लागला. तू म्हणतेस तसं असेल तर तसंच होऊ दे. रुजलेलं रोप हलवू नये असं आपलं माझं मत. तू येत जा, भेटत जा, माझं घर तुझंच आहे.

शाळेचं विचारलंस तर तिच्या वर्गबाई मोठ्या खडूस निघाल्या. मला बोलावून घेतलं आणि तक्रारींचा पाढा वाचला. म्हणे ही फळ्यावरचं लिहून घेत नाही, शेजारणीच्या वहीत तोंड घालते. नक्कल करते म्हणून आता एकटीला शेवटच्या बाकावर बसवलंय. खेळाच्या तासाला चेंडू अंगावर आदळेपर्यंत ढिम्म उभी. वेंधळी आहे म्हणे. मी म्हटलं, बाई, माझ्या घरी या आणि तिनं घातलेले टाके बघा, मग कोण वेंधळं ते ठरवू. शेजारीणही बोललीच परवा, गल्लीच्या तोंडाशी समोरून गेले तरी तुमची भाची ओळख देत नाही, शिष्ट आहे. लोकांना दुसरे उद्योग नाहीत.

तब्येतीला जप. दुपारचा डबा टाकून देत जाऊ नकोस.

तुझी ताई


२१ जुलै

ताई, नमस्कार.

हे पत्र जरा शांतपणे वाचा.

सहा महिन्यांनी होते तशी आमची डोळ्यांची तपासणी काल झाली. तपासणाऱ्या बाई गप्पिष्ट आहेत. मी अक्षरं वाचता वाचता तुमच्या पत्रातलं सगळं सांगत होते, सुईचं, मण्यांचं, शेवटच्या बाकाचं. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी हातातला दिवाच बंद केला आणि मला उलट प्रश्न विचारायला लागल्या. वही किती जवळ धरते, लांब बघताना डोळे बारीक करते का, कपाळाला आठ्या घालते का, वडिलांना चष्मा होता का, असला तर लहानपणीच लागला होता का.

त्या म्हणाल्या, जवळचं लख्ख दिसतं याचा अर्थ लांबचं दिसतंच असा नाही. अशी मुलं सुईत दोरा मोठ्या माणसांपेक्षा चांगला ओवतात, म्हणून घरच्यांना संशयच येत नाही. आणि मूल आपणहून सांगत नाही. त्याला वाटतं, जग सगळ्यांना असंच धूसर दिसतं.

ताई, तुमच्या मशीनजवळच्या खिडकीतून समोरच्या चपलांच्या दुकानाची पाटी दिसते. टाचणीला तिथे उभी करा. आधी एक डोळा झाकून वाचायला सांगा, मग दुसरा. खेळ खेळल्यासारखं करा, परीक्षा घेतल्यासारखं नको. नाही वाचता आलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आलं तरी एकदा न्या. माझं ऐका.

तुमची वहिनी


२ ऑगस्ट

वहिनी,

तिकडे क्रेनवर बसून शेळ्या हाकू नकोस. दिवसरात्र पोरीपाशी मी असते. तिचे डोळे बिघडले असते तर मला कळलं नसतं? पुस्तकाला हात लावू देत नाही मी तिला, आणखी काय करायचं माणसानं? तू लांब राहून काळजी करतेस हे कळतं मला, पण त्याचा ठपका माझ्या माथी नको.

गणवेशांचं काम अजून आवरलेलं नाही. सध्या एवढंच.

ताई


३० ऑगस्ट

वहिनी,

इतके दिवस लिहिलं नाही, लिहायला तोंड नव्हतं.

तुझ्यावर चिडून मी ते पत्र टाकलं आणि दुसऱ्याच सकाळी, तुला खोटं पाडायला म्हणून, टाचणीला खिडकीशी उभी केली. म्हटलं, वाच बघू समोरची पाटी. ती म्हणाली, कुठली पाटी? वहिनी, पाटीचं एकेक अक्षर हातभर आहे. मला वाटलं थट्टा करतेय. मी तिला रस्त्यावर घेऊन गेले आणि एकेक पाऊल पुढे नेत विचारत राहिले. दुकानाच्या दारात, चपलांना हात लागेल इतक्या जवळ गेल्यावर तिनं वाचलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आत्या, हे तुला घरातून दिसतं?" तिला ते खरंच वाटेना. मी जादू करते असंच तिला वाटलं असणार.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण पोरांशी छान बोलतात. डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं, मग भिंगं बदलून बदलून बघितलं. मला समजावलं त्यांनी, आणि मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. डोळ्याचा गोळा मापापेक्षा लांबट वाढलाय. कापड वाढलं की टीप भलतीकडे पडते ना, तसं लांबचं चित्र डोळ्यात जिथे पडायला हवं त्याच्या अलीकडेच पडतं. वाढलेलं परत आखूड करता येत नाही. आणखी भराभर वाढू नये एवढं मात्र बघता येतं. त्यासाठी रोज रात्री एक थेंब घालायचा, चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लावायचा, आणि दिवसाउजेडी दोन तास उघड्यावर घालवायचे, घराबाहेर. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. मी विचारलं, गाजरं देऊ का? त्या म्हणाल्या, द्या की, आवडत असतील तर. चष्मा त्यानं जायचा नाही.

मग मी मोठ्या दिमाखात सांगितलं की मी तिला वाचू देत नाही. त्यांनी विचारलं, मग दिवसभर काय करते? मी सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, डोळ्याला पुस्तक काय आणि मणी काय, दोन्ही सारखंच जवळचं. वडिलांकडून थोडं आलेलं असणार, पण दिवसभर घरात बसून नाकाशी धरून केलेलं काम आणि उन्हाचं तोंड न बघणं, यानं भर पडली असेल. करायला गेले एक आणि झालं भलतंच, अशी माझी गत. ज्या हातानं पुस्तकं काढून घेतली त्याच हातानं सुई दिली.

आता माळ्यावरची ट्रंक खाली आली आहे. पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर धरायचं आणि थोड्या थोड्या वेळानं मान वर करून खिडकीबाहेर बघायचं, असा नियम. सुई आणि मणी बंद. शाळेत पहिल्या बाकावर बसवलंय, वर्गबाई जरा ओशाळल्या. संध्याकाळी मी मशीन लवकर बंद करून तिला पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर नेते. गिऱ्हाइकं कुरकुरतात, कुरकुरू देत.

चष्मा लागला म्हणून घाबरू नकोस. नंबर थोडाच आहे.

तुझी ताई


१४ सप्टेंबर

ताई, नमस्कार.

किती बरं वाटलं म्हणून सांगू. इथल्या बाईंना तुमचं पत्र वाचून दाखवलं. तुमचं ते टिपेचं समजावणं त्यांना इतकं आवडलं की आता त्या सगळ्यांना तसंच सांगणार आहेत. तुम्ही स्वतःला बोल लावून घेऊ नका. मी तिथे असते तर मीही तिची सुई बघून कौतुकच केलं असतं. चष्म्याच्या काचा मऊ कापडानंच पुसा, फ्रॉकला पुसू देऊ नका. वाढत्या वयात नंबर वाढेल तेव्हा जुन्याच चष्म्यावर दिवस काढायचे नाहीत, असंही बाईंनी सांगितलंय.

ताई, एक विचारते. हे पत्र चारदा लिहून फाडलं या एका प्रश्नापायी. त्या दिवशी मी रस्त्यापलीकडे होते. तिला मी दिसले असेन ना? नंबर थोडाच आहे म्हणता, म्हणजे पाटीवरची अक्षरं नाही लागली तरी माणूस दिसतच असणार. रस्ता तो केवढासा. उगाच मनाला एक फट सापडली होती आणि मी तीत बोट घालून बघत बसले होते. तुमच्या एका ओळीनं ती बुजली, ते बरंच झालं. खोट्या आशेवर किती दिवस काढायचे.

खोलीसाठी नाही म्हणून महिनाअखेर कळवते. वसतिगृहातली खाट खिडकीजवळची आहे म्हणतात. सुट्टी मिळाली की मी येत जाईन, पाहुणीसारखी. तिच्यासाठी पिवळा कोट घेतलाय, माझ्या जुन्या कोटासारखा. बाह्या लांब वाटल्या तर तुम्ही आखूड करा.

तिला माझी आठवण येते का, एवढं मात्र विचारू नका. विचारलंत तर मला कळवू नका.

तुमची वहिनी


२५ सप्टेंबर

वहिनी,

काल फोन केला तो एवढ्याचसाठी, की हे पत्र हातात पडेपर्यंत खोलीला नाही म्हणू नकोस. का, ते तू विचारलंस आणि माझी जीभ उचलली नाही. म्हणून लिहिते. जलद टपालानं टाकतेय.

नंबर थोडा नाही. बराच आहे. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला समजेल असं सांगितलं होतं, की चष्म्याशिवाय हिला हाताच्या अंतरापलीकडचं सगळं धूसर दिसतं. पाच-सहा पावलांवर कोण उभं आहे हे ती तोंडावरून नाही, कपड्यांच्या रंगावरून आणि चालण्यावरून ओळखते. ते ऐकता क्षणी मला तुझा बस थांबा आठवला. ज्या बाईला टाचणी ओळखत होती, तिचा पिवळा कोट होता आणि मोठा अंबाडा होता. तू उतरलीस ती कामाचं निळं जाकीट घालून, हेल्मेटमध्ये मावत नाहीत म्हणून केस कापून. तिनं तुला निरखून बघितलं असं लिहिलंस. डोळे ताणून बघत होती गं ती, कोण आहे ते कळत नव्हतं म्हणून. ज्या आठ्या तू रागाच्या समजलीस, त्या त्याच्याच.

हे मला ऑगस्टपासून माहीत होतं. तरी थोडाच आहे असं लिहिलं. कारण सांगायला मोठं काही नाही. मला ती हवी होती. तू आपण होऊन सोडत होतीस आणि मी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं काय पाप आहे, अशी मी माझी समजूत घालत होते. मग तू सरळच विचारलंस, मी दिसले असेन ना. ते वाचल्यापासून एकच टीप घालतेय आणि उसवतेय.

आणि दुसरं. संध्याकाळी त्या टाकीजवळच्या उतारावर मी तिला का नेते, तर तिनं खेळावं, उजेडात राहावं म्हणून. इतर पोरं पळत असतात. ही कठड्यावर बसते आणि खाली मोठ्या रस्त्याकडे बघते. तिथे बस थांबते. चष्म्यातून तिला आता उतरणारं एकेक माणूस दिसतं. आणि ती स्वतःशीच बोलते, मला ऐकू यावं म्हणून नव्हे. छत्रीवाली बाई. आई नाही. पिशवीवाली बाई. आई नाही. रोज. मी बाजूला बसून शेंगा सोलत असते आणि ऐकत असते.

परवा तिनं विचारलं, "आत्या, आई आली तेव्हा रस्त्यापलीकडे एक निळी बाई हात वर करून उभी होती. ती आईच होती का?"

मी हो म्हटलं. तिनं चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. म्हणाली, म्हणून आई रागावली होती, मी तिच्याशी बोललेच नाही. वहिनी, ते चार दिवस तू तिच्याजवळ जात नव्हतीस कारण ती तुला नको म्हणतेय असं तुला वाटलं. ती तुझ्याजवळ येत नव्हती कारण तू रागावलीस असं तिला वाटलं. मी दोघींच्या मधोमध बसून दोघींना जेवायला वाढत होते.

तिला घेऊन जा. लवकर ये. मी मन बदलायच्या आत ये.

ताई


३ ऑक्टोबर

ताई,

खोली घेतली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रजा मिळतेय, तेव्हा येते.

तुमचं पत्र दुपारच्या सुट्टीत उघडलं आणि पुढे काम करता येईना, म्हणून मुकादमाला सांगून खाली उतरले. असं आजवर कधी केलं नव्हतं. आधी तुमचा इतका राग आला की म्हटलं पोर आणायची आणि तुमचं तोंड बघायचं नाही. दीड महिना तुम्हाला माहीत होतं, ताई. दीड महिना मी त्या वसतिगृहातल्या खाटेसाठी मनाची तयारी करत होते. तुम्हाला माफ केलं असं मला आज लिहवत नाही, आणि खोटं लिहिणार नाही. आपल्या दोघींत आता ते पुरे झालं.

पण तुम्ही लिहिलंत हेही मी विसरणार नाही. न लिहिता चालून गेलं असतं. मला कधीच कळलं नसतं.

माझंही काही चुकलंच. एवढी तीक्ष्ण नजर म्हणून मिरवते आणि नऊ वर्षांच्या पोरीपर्यंत एक रस्ता ओलांडून मला जाता आलं नाही. तिनंच धावत यायला हवं होतं, असं मी धरून बसले. हाक तरी मारायची. माझा आवाज ती हजारात ओळखते.

तिला सांगा, मी रागावले नव्हते. नाही, तुम्ही सांगू नका, मीच सांगेन, जवळ बसून. तिची डोळ्यांची कागदपत्रं आणि थेंबांची बाटली तयार ठेवा. इथल्या डॉक्टरांशी मी बोलले आहे, सहा महिन्यांची तपासणी इथे होईल. इमारतीमागे मोठं मोकळं मैदान आहे.

तिचे कपडे मात्र तुम्हीच शिवत जा. इथे सगळे मापाच्या नावानं पोती शिवतात.

तुमची वहिनी


२८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

मी मजेत आहे. तू कशी आहेस? तू पत्र का लिहीत नाहीस? आई म्हणते तू कामात असशील. पण शाळा उघडून तर किती दिवस झाले, आता गणवेश कुणाला हवेत?

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. इथून समुद्र दिसतो आणि सगळ्या क्रेन दिसतात. आईची क्रेन डावीकडून दुसरी. शाळा सुटली की मी मैदानात खेळते, घरात नाही. आई कामावर असली तर खालच्या मजल्यावरची काकू लक्ष ठेवते. मी चेंडू झेलते. कालच्या दिवसात एकदाच तोंडावर बसला आणि तोही माझ्या चुकीनं नाही.

शाळेत एक मुलगा मला चारडोळी म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या दोन डोळ्यांना फळ्यावरचं सगळं दिसतं का? तो म्हणाला, काही काही दिसतं. मी बाईंना सांगितलं की त्याला पाटी वाचायला लावा. आता त्यालाही चष्मा लागलाय आणि तो माझ्याशी बोलत नाही.

थेंब रोज घालते. झोपताना चष्मा काढते तेव्हा आईचं तोंड पुसट होतं, मग मी तिच्या अगदी जवळ सरकते. ती म्हणते, नाक टोचतंय तुझं. पण बाजूला हो म्हणत नाही.

आत्या, आम्ही निघालो तेव्हा तू बसपाशी आली नाहीस. दाराशीच थांबलीस. मी गल्लीच्या तोंडाशी वळून बघितलं, तू रडत होतीस. मला सगळं दिसलं. आधी मला वाटायचं लांब गेलं की माणसं रडायची थांबतात, कारण मला कधी कुणी लांबून रडताना दिसलंच नव्हतं.

काल मी गच्चीवर गेले. चष्मा मऊ कापडानं पुसला आणि तुझं घर आहे त्या बाजूला खूप वेळ बघितलं. काहीच दिसलं नाही. मला वाटलं नंबर वाढला. मी रडत खाली आले आणि आईला म्हटलं, डॉक्टरांकडे चल. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, नंबर नाही वाढला. एवढ्या लांबचं कुणालाच दिसत नाही, तिलासुद्धा नाही. मी विचारलं, मग काय करायचं? तर ती म्हणाली, आत्याला लिही की आमच्याकडे ये. ती म्हणाली, आईनंही सांगितलंय असं लिही.

म्हणून लिहिलं.

तुझी टाचणी